साहेब येणार म्हणून सगळे हळू

मागच्या महिन्यात पोलिसांनी माझ्या मोबाईलवर माझ्या स्कूटीचा फोटो पाठवला. स्कूटी माझ्या नावावर आहे, चालवते नात. अणदूरच्या अलीकडं हमरस्त्याला कॅमेऱ्याची गाडी उभी होती, तिनं नातीला टिपलं. वेग एकाहत्तर, मर्यादा साठ, वाहनमालक मी. सत्तरीला टेकलेली, गुडघ्याला तेल चोळून जिना उतरणारी बाई सरकारदरबारी एकाहत्तरच्या वेगानं धावते आहे, हे वाचून मला आधी हसूच आलं. शेजारणीला दाखवून आले. मग आठवलं की आपण आजी आहोत, रागवायला पाहिजे.

"एकाहत्तर?" मी डोळे मोठे केले.

"अगं आजी, रस्ता रिकामा होता. आणि साठच का? पासष्ट का नाही? कोण बसतं हे आकडे ठरवायला?"

"मी," म्हटलं. "एकदा बसले होते."

नातीनं हातातला मोबाईल खाली ठेवला. आमच्या घरात असं वर्षातून एखाद्या वेळीच घडतं, म्हणून तिला सगळं सांगितलं. तिला सांगितलं तेच इथं लिहिते आहे, फक्त तिच्यासमोर गाळलेल्या दोन-चार फजित्या परत घालून.

अठरा वर्षं तरी झाली. मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे तशी पोरच. लोहारा तालुक्यात, माकणीच्या अलीकडं, एका गावात चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा आणि तिची मुख्याध्यापिका मी. त्या बाईची आता मला गंमत वाटते. मुलांचं अक्षर, भावकीतली भांडणं, पावसाचा अंदाज, कुणाच्या सुनेला कितवा महिना, कशावरही मत विचारा, तयार. कुणी विचारलं नाही तरी तयार.

शाळेसमोरून डांबरी रस्ता जायचा. डांबरी म्हणायचा, एवढंच. खड्डे इतके की गाड्या चालत नसत, पोहत. पण ते खड्डेच आमचे हवालदार होते, हे कळायला उशीर झाला. पुढं रस्ता रुंद झाला, आरशासारखा गुळगुळीत झाला. नारळ फुटला आणि मी भाषण केलं. रस्ता म्हणजे गावाच्या तळहातावरची भाग्यरेषा, असं मी म्हणाले. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा टाळ्या पडल्या होत्या आणि मी त्या दोन दिवस पुरवून पुरवून ऐकल्या.

पंधरा दिवसांत त्या भाग्यरेषेवरून गाड्या सुसाट सुटायला लागल्या. दुधाचे टेंपो, वाळूचे ट्रक, माणसं कोंबलेल्या काळी-पिवळी जीपा. रस्त्याच्या पलीकडं धनगरांची वस्ती होती. तिथली मुलं उड्या मारत पार व्हायची. मुली मात्र नऊ होत्या आणि त्यातल्या पाच-सहा जणींच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, कारण आई रानात आणि अंगणवाडी आमच्या आवारात. पाठीला दप्तर आणि कडेवर भाऊ असलेली पोर पळत नसते. ती आधी थांबते, भाऊ वर सरकवते आणि मग पाऊल टाकते.

एके सकाळी तिसरीतली एक मुलगी अशी मधोमध असताना दुधाचा टेंपो आला. त्या दिवशी तिच्या कडेवर कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. ती मागं सरली आणि तिच्या दप्तराचा बंद टेंपोच्या दोरी बांधायच्या हुकात अडकला. पोरगी खाली बसली, दप्तर माकणीला गेलं. टेंपोवाल्याला पत्ताच नाही. डेअरीवर कॅन उतरवताना त्याला दप्तर दिसलं म्हणे. परतताना त्यानं ते शाळेच्या फाटकाला अडकवलं, आत बिस्किटाचा पुडा घालून.

दुपारी तिचे आजोबा आले. वस्तीतले सगळ्यांत वयस्कर, सगळे त्यांना आबाच म्हणत. खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"बाई, दप्तर गेलं ते बरं झालं, पोरगी ऱ्हायली," ते म्हणाले. "उद्यापासून आमच्या पोरी न्हाय येणार."

"आणि पोरं?"

"पोरं येतील. ती सशावानी उडत्यात."

"आबा, मुलींचं वर्ष बुडेल."

"वर्स बुडंल. पोर तर जित्ती ऱ्हाईल."

 पण हार मानून गप्प बसण्याचं वळण त्या बाईला नव्हतं. "आबा, गाड्या हळू केल्या तर पाठवाल?"

"कोण करंल?"

"मी करते."

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात दात न दाखवणाऱ्या मेंढीकडं पाहतात. "करा," म्हणाले. "झाल्या की म्या सोता बघीन. मग पाठवीन. तवर पोरी मेंढरामागं."

दुसऱ्या दिवशी नऊ जागा रिकाम्या. मी हजेरी घेताना त्यांची नावं मुद्दाम मोठ्यानं घेत होते, जसा काही आवाज रस्त्यापलीकडं गेला की त्या धावत येणार.

माझा पहिला उपाय फळ्याचा. कोठीत एक जुना फळा होता. त्यावर मी पांढऱ्या रंगानं सुंदर अक्षरात लिहिलं : वेगमर्यादा १०. खाली वेलबुट्टी, आणि वेलबुट्टीखाली सुविचार. तो फळा शाळेच्या कुंपणाला बांधला आणि वर्गाच्या खिडकीतून बघत बसले. काही म्हणजे काही फरक पडला नाही. माझ्याच हाताखाली चौथी शिकलेला, मशिदीमागं राहणारा एक जीपवाला तेवढा संध्याकाळी थांबला. "बाई, अक्षर लई झ्याक आलंय," म्हणाला. "पर वाचस्तोवर शाळाच मागं जाती बघा."

घरी यांना सांगितलं. आमचे हे बसचे ड्रायव्हर. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस, पण घरात माझ्यापुढं कधी हॉर्न वाजवायचे नाहीत. त्या दिवशी मात्र खो-खो हसले.

"अगं, आकड्याला मागं कुणीतरी लागतं. वरची हद्द दिल्लीहून ठरते, कुठल्या गाडीला कुठल्या रस्त्यावर किती. तिच्या खाली उतरायचं तर जिल्ह्याचा हुकूम लागतो. हुकूम झाला की बांधकामवाले फलक लावणार. फलक लागला की मग पोलीस धरणार. तुझ्या फळ्यावरून पोलीस कुणाला काय म्हणून धरतील? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून?"

"माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही," मी म्हणाले. त्यातलं मला तेवढंच लागलं.

मग अर्ज लिहिला. सहा पानी. त्यात स्त्रीशिक्षण होतं, थोर पुरुष होते, रस्ता तिसऱ्या पानावर सुरू होत होता. तो घेऊन धाराशिवला कलेक्टर कचेरीत गेले. कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद, पण जीपवाले आपले "धाराशिव, धाराशिव" करूनच माणसं भरायचे. तिथल्या कारकुनानं अर्ज हातात तोलला आणि न वाचता परत दिला. "बाई, शाळा कुठली, रस्ता कुठला आन् काय झालं. एका पानात." मी बाहेर पायरीवर बसून तसं लिहिलं. मुलांना निबंधाची पानं वाढवायला लावणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा कमी लिहायला लावलं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अमुक गुरुवारी बांधकाम विभागाचे अभियंता येऊन शाळेसमोर वाहनांचा वेग मोजतील, त्यावरून मर्यादेचं ठरेल. आणि इथं, बाई, मी माती खाल्ली.

कशी, ते समजायचं तर शाळेतली तपासणी माहीत पाहिजे. साहेब येणार म्हटलं की आम्ही भिंती रंगवणार, तक्ते लावणार, हुशार मुलं पुढच्या रांगेत, शेंबडी मागं. तीस वर्षांत माझ्या अंगात एकच गोष्ट मुरली होती : साहेब येतो तो चांगलं बघायला. त्यामुळं पत्रातला "येऊन" एवढा शब्द दिसला आणि पुढचं मी वाचलंच नाही म्हणा ना.

आठ दिवस तयारी. काळी-पिवळीच्या थांब्यावर जाऊन सगळ्या जीपवाल्यांना दम दिला. दुधाच्या टेंपोवाल्याला सांगितलं, तो तर आधीच घाबरलेला. ट्रॅक्टरवाल्यांच्या घरी बायकांकडून निरोप धाडले.

यांनी एकदाच विचारलं, "अगं, ते गाड्या किती पळतात ते बघायला येणार ना?"

"हो."

"मग पळू दे की."

"साहेबांसमोर?" मी म्हणाले, आणि पाणी तापलं का बघायला उठले.

गुरुवारी पहाटे बायकांनी शाळेसमोरचा रस्ता झाडला, सडा घातला. मी स्वतः डांबराच्या दोन्ही कडांना रांगोळी काढली, हातभर रुंद, कमळं आणि मोर. मुलांना दोन्ही बाजूंनी कागदी झेंडे देऊन उभं केलं. साहेब आले ते मोटारसायकलवर. तिशीच्या आतला मुलगा, डोक्याला टोपी. रांगोळी बघून तो खाली उतरला आणि गाडी हातानं ढकलत कडेला घेऊन गेला, कमळ पुसेल म्हणून.

त्यानं रस्त्यावर अंतर मोजून दोन पांढरे पट्टे मारले आणि घड्याळ घेऊन झाडाखाली बसला. गाडी पहिल्या पट्ट्यावर आली की कळ दाबायची, दुसऱ्यावर परत. त्या वेळेवरून वेग काढायचा. साधी गोष्ट.

आणि आमच्या गाड्या! जीपा येत होत्या लग्नातल्या वरातीसारख्या. माझा तो विद्यार्थी एका हातानं नमस्कार करत गेला. दुधाचा टेंपो पहिल्या गिअरात कण्हत गेला, कॅनसुद्धा वाजले नाहीत. बाहेरगावचे ट्रक तरी खरं वागतील की नाही? पण दोन्ही कडांना झेंडे हलवणारी पोरं पाहून तेही थांबत-थांबत चालले. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून मला विचारलं, "कौन मंत्री आनेवाला है, अम्मा?" मी झाडाखालच्या साहेबांकडं बोट दाखवलं. त्यानं साहेबांना कडक सलाम ठोकला आणि बैलगाडीच्या चालीनं पुढं गेला. साहेबांनी त्याचाही वेग लिहून घेतला.

दुपारी मी पोहे दिले. साहेबांनी प्लेट हातात घेऊन विचारलं, "मॅडम, इथं नेहमी असंच असतं?"

त्या क्षणी वस्तीवरच्या नऊ पोरी माझ्या डोळ्यांपुढं यायला हव्या होत्या. पण तोंड तपासणीच्या सवयीचं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "हो साहेब, नेहमीच! आमचं गाव फार शिस्तीचं आहे."

महिन्यानं निकाल आला. "सदर ठिकाणी वाहनांचा वेग मुळातच मर्यादित असल्याचे आढळून आल्याने स्वतंत्र वेगमर्यादेची आवश्यकता दिसून येत नाही."

मी ते तीनदा वाचलं. यांनी एकदाच वाचलं आणि म्हणाले, "पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलीस, आणि डॉक्टरला सांगून आलीस, तब्येत ठणठणीत आहे."

मी रुसून दोन दिवस बोलले नाही. पण रुसून कुणाची शाळा भरते? तिसऱ्या दिवशी माळावरून येताना ती दप्तरवाली मुलगी भेटली. हातात तिच्याहून उंच काठी, पुढं मेंढरं. "नमस्ते बाई," म्हणाली, आणि मी न विचारताच, "पाढे न्हाय इसरले बाई." मी म्हटलं, बरं, सात नव्वे? "त्रेसष्ट." आठ नव्वे? ती मेंढरांकडं बघायला लागली. एक कोकरू उगाच हाकललं. मग म्हणाली, "त्यो घरी येतो मला."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून अभियंत्याच्या ऑफिसात गेले. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही.

"साहेब, मी खोटं बोलले. आमचं गाव अजिबात शिस्तीचं नाही."

तो हसला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. "डांबरावर मोर मी नोकरीत पहिल्यांदा बघितला, मॅडम," म्हणाला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, नेहमीच."

मग त्यानं मला समजावलं. शंभर गाड्या मोजायच्या. त्यातल्या पंच्याऐंशी ज्या वेगाच्या आत चालतात, तिथून विचार सुरू करायचा, कारण बहुतेक लोक रस्ता बघून आपला वेग आपणच ठरवतात. मग बघायचं की त्या वेगानं तिथल्या माणसांचं काय होतं. शाळा, बाजार, वळण असलं की आकडा खाली ओढायचा. "पण आधी खरं तर कळलं पाहिजे ना," तो म्हणाला. "पुन्हा येतो मी. कधी, ते सांगणार नाही. आणि तुम्हीही कुणाला सांगायचं नाही."

हे दुसरं मला जास्त जड गेलं. माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे गावाला माहीत होतं. दहा दिवस मी ओठ मिटून फिरले. शेवटी शेजारीण काढा घेऊन आली, घसा बसलाय समजून.

एका मंगळवारी वर्गात भागाकार चालू असताना खिडकीतून तो दिसला. झाडाखाली, साध्या शर्टात. रस्ता न झाडलेला, रांगोळी नाही, झेंडे नाहीत. आणि गाड्या आपापल्या औकातीनं. माझा विद्यार्थी असा गेला की नमस्कार करायला हात रिकामा नव्हता. मी फळ्यावर भागाकार चुकवला आणि पोरं खूश झाली.

मधल्या सुट्टीत साहेब आत आले. "आता पार व्हायला किती वेळ लागतो ते मोजू. वस्तीवरच्या मुली कडेवर भावंड घेऊन जातात तसं."

पण मुली शाळेत होत्या कुठं? म्हणून अंगणवाडीतलं एक गुटगुटीत बाळ माझ्या कडेवर दिलं, पाठीला कुणाचं तरी दप्तर अडकवलं, आणि मुख्याध्यापिका बाई, वय वर्षं बावन्न, रस्ता मोकळा बघून तीनदा इकडून तिकडं गेल्या. सगळी शाळा कुंपणाला लटकून बघत होती. दुसऱ्या खेपेला बाळानं माझ्या चष्म्याची काडी धरून ओढली. साहेब म्हणाले, "हेही धरू, खरं हेच होत असणार." वेळ आली आठ सेकंद.

मग त्यानं माझाच खडू घेतला आणि माझ्याच फळ्यावर लिहिलं. ओढ्याच्या वळणावर गाडी दिसते तिथून शाळेपर्यंत शंभर मीटर. सत्तरच्या वेगात गाडी ते अंतर पाच सेकंदांत तोडते. पोर पार व्हायला आठ. म्हणजे वळणावर काहीच नाही बघून पोर निघाली तरी गाडी येते तेव्हा ती मधोमध. पंचेचाळीसच्या वेगात बरोबर आठ. तीसच्या वेगात बारा.

तीस वर्षं मी गाड्यांची गणितं घालत होते. एक गाडी सकाळी आठला निघते, दुसरी नवाला, त्या एकमेकींना कुठं भेटतील. त्या गाड्यांच्या पुढं कुणी पोर रस्ता ओलांडताना मी कधी घातली नव्हती.  पण तोंडाला खळ नाहीच.

"मग दहा करा," म्हणाले.

"मॅडम, तीस."

"बरं, पंधरा. तुमचं नको, माझं नको."

"हा बाजार नाही."

"मग वीस! लेकरांचा प्रश्न आहे साहेब."

"दहाला तुमची जीप सायकलच्या मागं राहील," तो म्हणाला. "जो आकडा कुणाला पटतच नाही तो कुणी पाळत नाही. आणि एक फलक खोटा वाटला की पुढचे दहा फलकही लोक वाचत नाहीत. तीसला चार सेकंद हाताशी राहतात. तेवढे पुरतात."

मला माझा वेलबुट्टीचा दहाचा फळा आठवला. त्याच संध्याकाळी सोडवून आणला.

पुढं समिती, हुकूम, फलक, यात आणखी काही आठवडे गेले. पण आला. लाल कड्याचा गोल, मधे तीस. वळणापाशी आधी सूचना, मग रस्त्यावर जाडे पांढरे पट्टे, गाडीचं बूड खडखडवणारे. आणि एक दिवस पोलीस आले, हातात बंदुकीसारखं यंत्र. तेव्हा मी एक चमत्कार पाहिला. फलकाला न जुमानणारे ट्रक पार दोन कोसांवरून गोगलगाय झालेले. कारण? समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर दिवसाढवळ्या दिवे मिचकावत होता. पुढं साहेब आहेत, सांभाळ. ओळख ना पाळख, पण ड्रायव्हर ड्रायव्हरला एवढं सांगतोच.

पोलीस चार दिवस आले, मग त्यांना दुसरे रस्ते होते. गाड्या पुन्हा पन्नास-पंचावन्नवर. पट्ट्यांमुळं सत्तर गेलं होतं, पण तीस काही आलं नव्हतं.

मी यांच्यामागं लागले. "अहो, तुम्ही रोज अकराला इथून जाता. शाळेच्या अलीकडं समोरच्याला दिवे मिचकावत जा ना."

"पोलीस नसताना?"

"त्यांना काय कळतंय?"

एरवी माझं सगळं ऐकणारा माणूस ताठ बसला. "ते नाही जमायचं. उद्या माझ्या दिव्यावर कोण विश्वास ठेवील? पुढं झाड पडलं असेल, पूल खचला असेल, तेव्हाही हेच दिवे असतात. त्यात खोटं नाही घालायचं."

मी काय ऐकते! एकदा खोटं बोलून तोंडावर पडलेली बाई पुन्हा तेच करायला निघाली होती. दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी जेवताना यांनीच विषय काढला, "दिवे देईन. पण हात वेगळा दाखवीन." पोलिसाची खूण म्हणजे डोक्यावर टोपीसारखा हात. यांनी खिडकीबाहेर हात काढून तळवा जमिनीकडं धरला, एवढ्या एवढ्या उंचीच्या पोराच्या डोक्यावर ठेवल्यासारखा. "पुढं लेकरं आहेत. हे खरं आहे ना? मग झालं."

पहिल्या दिवशी समोरच्यांना काही कळलं नाही. एकानं तो खाली धरलेला हात बघून उतरून टायर तपासला. पण ड्रायव्हर लोक चहाला एकाच टपरीवर थांबतात. आठवड्यात जीपवाल्यांनी उचललं, मग दुधाच्या टेंपोनं, मग वाळूवाल्यांनी. माझ्या विद्यार्थ्याचा तळवा तर सीटपर्यंत खाली जायचा. "बाई, म्या अंगणवाडीपसून धरतो," म्हणायचा. गाड्या तीसवर आल्या का? सगळ्या नाही आल्या. पण वळणावर पाय ब्रेकवर जायला लागला, हे खिडकीतून मला दिसत होतं.

मी आबांना निरोप पाठवला. ते दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला सगळा कळप घेऊन रस्त्याच्या पलीकडं येऊन उभे राहिले. मी फाटकात. आबांनी तोंडानं आवाज दिला आणि मेंढरं डांबरावर आली. मेंढरू माणसासारखं दोन्हीकडं बघत नाही, पुढच्याच्या शेपटीकडं बघून चालतं. वळणावर ट्रक आला. दिसला, खडखडला, हळू झाला आणि बराच अलीकडं थांबला. त्याच्यामागं जीप. दुसऱ्या बाजूनं दुधाचा टेंपो, तो तर कधीच उभा होता. कुणी हॉर्न वाजवला नाही. कळपाच्या शेवटी एक म्हातारी मेंढी होती, मागचा पाय ओढत चालणारी. आबा तिच्यासाठी मधोमध थांबले, ट्रकवाल्याकडं एकदा बघितलं, आणि ती पार होईपर्यंत हलले नाहीत.

ती पार झाल्यावर त्यांनी मागं वळून काठी हलवली.

वस्तीच्या बोरीआडून मुली आल्या. पाठीला दप्तरं, कडेवर भावंडं. मी मोजल्या, आठ. ती सात नव्वेवाली पुढं होती. नववी जी होती, तिला मामानं आपल्या गावी नेलं होतं, तिथं शाळा घराशेजारी आहे म्हणून. ते बरंच झालं, असं आबा म्हणाले, मीही म्हणाले. पण हजेरीत तिचं नाव खोडायची रेघ मी त्या वर्षी पुष्कळ दिवस ओढली नाही.

आठजणी फाटकातून आत आल्या, धुळीनं भरलेल्या. त्यांच्यासाठी मी भाषण तयार ठेवलं होतं, भाग्यरेषेपेक्षा चांगलं. पण त्यांना समोर बघून डोळ्यांतून पाणी येण्याआधी मी ओरडून घेतलं, "किती वाजलेत? ही काय शाळेत यायची वेळ? पाय उचला, पटपट!"

पोरी दचकून पळाल्या. आबा रस्त्यापलीकडून बघत होते. घोंगडं खांद्यावर सारखं करत हसले.

"बाई," ते म्हणाले, "चार म्हैने तुमी समद्या जगाला हळू म्हनत व्हता. आन् आता पोरींलाच घाई व्हय?"